गौरीची फी आणि बोरीचे धोंडे

जुलै महिन्यात आमच्या ऑफिसात दोन गोष्टी साठतात. छत्र्या अन् किस्से. लोक येतात, इन्कम टॅक्सचं रिटर्न भरतात, छत्री कोपऱ्यात विसरतात अन् जाता जाता एखादा किस्सा ठेवून जातात. छत्री न्यायला माणूस दुसऱ्या दिवशी परत येतो. किस्सा न्यायला आजवर कोणी आलेलं नाही. त्यामुळं ते सगळे माझ्याकडंच पडून आहेत.

ऑफिस म्हणजे परभणीत, कटलरीच्या दुकानावर, जिना चढून दोन खोल्या. आतल्या खोलीत साहेब. ते टॅक्सचे वकील. बाहेरच्या खोलीत एक बाक, एक पंखा अन् मी. शटर उघडायचं, झेरॉक्स आणायच्या, चहा सांगायचा अन् बाकावर बसलेल्या माणसाची नंबर येईपर्यंत करमणूक करायची, ही माझी ड्यूटी. शेवटची ड्यूटी मला कोणी दिलेली नाही, ती मी खुशीनं घेतली. मला सगळे तात्या म्हणतात. शिक्षण सातवीच्या दारापर्यंत. आत मास्तरांनी घेतलं नाही.

टॅक्स भरायच्या दोन पद्धती निघाल्यापासून साहेब प्रत्येकाला एकच विचारतात, "जुनी ठेवायची का नवी?" एक ग्रामसेवक पहिल्यांदाच आले होते, शेजारी बायको बसलेली. त्यांनी तिच्याकडं एकदा नीट बघितलं, घसा साफ केला अन् म्हणाले, "जुनीच राहू द्या साहेब. आता ह्या वयात नव्या सवयी कुठं लावता." बाईचा चेहरा असा खुलला की साहेबांनी समजावून सांगायचा नाद सोडला.

तर असं आमचं ऑफिस. आता मी सांगतो ते किस्से एकाच पोरीच्या शाळेच्या फीचे आहेत. पोरीचं नाव गौरी. अन् ती आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आली ती माझ्यामुळं. म्हणजे माझ्या जिभेमुळं.

*

बोरीचे किसनराव. शेतकरी माणूस, टॅक्सशी काही घेणं-देणं नाही. पण त्यांच्या बँकेतल्या ठेवीवरचं व्याज थोडं कापून गेलं होतं, ते परत मिळवायला आले. जाताना मला विचारलं, "तात्या, उद्या काय काय आणू?"

मी आधार सांगितलं, पॅन सांगितलं, पासबुक सांगितलं. मग जीभ वळवळली. म्हणलं, "अन् तुमच्या जिवावर जे जे जगतात ते समदे घेऊन या. साहेबांना डोळ्यांनी बघावं लागतंय."

दुसऱ्या दिवशी खाली गलका. बघतो तर छोटा हत्ती टेम्पो उभा! त्यातून किसनरावांची बायको उतरली, त्यांची म्हातारी आई उतरली, सालगडी अन् त्याची बायको उतरली, एक लग्न न झालेला पुतण्या उतरला, परभणीतच राहणारी लेक अन् नात वाटेतून घेतली होती, त्या उतरल्या. शेवटी एक शेळी उतरली. म्हातारीला जिना चढवायला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट शेळीला लागला.

साहेब बाहेर आले. बाकावर माणसं, जमिनीवर माणसं, पंख्याखाली शेळी. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं. मी शेळीकडं.

"किसनराव, हे काय हाय?"

"तात्या म्हणला, माझ्या जिवावर जगणारे समदे आणा."

"अन् ही शेळी?"

"न्हाई साहेब, ही माझ्या जिवावर न्हाई. मीच हिच्या जिवावर हाय. पण एकटी घरी कशी सोडावं."

साहेबांनी हात जोडले अन् सांगितलं, काका, इथं नुसता बँकेचा कागद लागतो. मग सगळ्यांना माझ्या खर्चानं चहा पाजायला लावला. शेळीला पार्ले बिस्किट.

त्या गर्दीतली लेक म्हणजे सुनंदा. दवाखान्यात नर्स, म्हणून तिला सगळे सिस्टरच म्हणतात. किसनराव आवाज बारीक करून मला म्हणाले, "लेकीचा कोर्टातून काडीमोडाचा कागद झालाय. पोरगी तिच्यापाशी हाय." मी नातीकडं वळलो. विचारलं, "अन् तू गं, तू कोणाच्या जिवावर?"

ती म्हणली, "मी कोणाच्याच जिवावर न्हाई. मी चौथीत हाय."

मी तिथंच ओळखलं. ही आपल्या लायनीतली.

*

आता गौरीचा बाप. भगवान सर, पालम तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर. ते आमचं जुनं गिऱ्हाईक. बनी तो बनी नाहीतर परभणी म्हणतात. ह्या दोघांचं बनलं नाही, अन् परभणीच्या कोर्टात येऊन सुटलं. कशावरून मोडलं हे दोघांनीही सांगितलं नाही. मी दोघांनाही विचारून बघितलं होतं. सर सरळ, सिस्टर त्याहून सरळ. दोन सरळ माणसं एका दारातून एकदम निघाली की अडकतात, तसं काहीतरी झालं असावं. कोर्टानं गौरी आईकडं दिली अन् रविवार बापाकडं.

कागद झाल्यावरच्या पहिल्या जुलैत सर सकाळीच आले. म्हणाले, गौरीच्या शाळेची फी मी भरलीय, ती माझ्या रिटर्नमध्ये दाखवा.

साहेबांनी हिशेब बघितला अन् मान हलवली. सांगितलं, सर, वजावटीला एक मर्यादा असते. तुमचा प्रॉव्हिडंट फंड अन् विमा ह्यातच ती भरलीय. वरून ही फी दाखवली तरी तुम्हाला एका पैचा फायदा नाही.

"न्हाई तर न्हाई. तरी लिवा."

"अहो, पण कशाला?"

सर पंख्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "साहेब, रेशन कार्डावरून तिचं नाव गेलं. आधारवर पत्ता बदलला. माझ्या कुठल्याच कागदावर पोरगी राहिली न्हाई. तुमच्या कागदावर एक ओळ राहू द्या."

साहेबांनी लिहिलं. कॉम्प्युटरवर नाही, हातानं. त्या दिवशी मला पण जीभ होती, पण मी ती वापरली नाही.

दुपारी सिस्टर आल्या. त्यांचंही तेच. यंदा सरांनी भरली असेल, पण इथून पुढं पोरीची फी मी भरणार अन् मीच दाखवणार, कोणाचे उपकार नकोत. त्यांना तर फायदाही होता, त्यांच्या वजावटीत जागा मोकळी होती. साहेबांनी शांतपणे नियम सांगितला. फी दाखवताना तुमचा काडीमोड झाला का नाही हे सरकार विचारत नाही. आईनंही दाखवावी, बापानंही दाखवावी. ज्यानं जेवढी भरली, त्यानं तेवढी दाखवायची.

सिस्टर विचार करून म्हणल्या, "म्हणजे जो आधी जाऊन भरंल त्याची."

साहेब म्हणाले, तसं म्हटलं तर तसं. मी दारात उभा होतो. मला वाटलं साहेबांनी "अर्धी-अर्धी भरा" म्हणावं. पण नंबर दुसऱ्याचा आला होता. अन् ह्या एका वाक्यानं पुढं जो घोळ झाला, तो मी सात जन्मात घालू शकलो नसतो.

*

पुढच्या जूनला शाळेच्या खिडकीवर सिस्टर पहिल्या. त्यांचं घर परभणीत, शाळा परभणीत, स्कुटी दारात. सर पालमहून पहिल्या एसटीनं निघाले, तर गाडी गंगाखेडला चहाला थांबली. ड्रायव्हरचा चहा अन् कंडक्टरच्या गप्पा संपून सर खिडकीवर पोचले तवा फी भरून झालेली.

दुसऱ्या सत्राची फी सरांनी सत्र लागायच्या आठवडाभर आधी येऊन भरली. सिस्टरांना कळलं, त्यांनी पुढच्या वर्षीची तेव्हाच भरून टाकली. सर म्हणाले, असं व्हय? त्यांनी तीच परत भरली, वरून त्याच्या पुढचीही भरली. मे महिन्याच्या सुट्टीत एकदा सर गेले, तर शाळेला कुलूप. वॉचमन म्हणाला, सकाळी एक बाई बी येऊन गेल्या, त्यांना बी हेच सांगितलं.

शेवटी त्या शाळेचा क्लार्क आमच्याच बाकावर येऊन बसला. त्याचं रिटर्नही आमच्याकडंच. पार बेजार झालेला. म्हणला, "तात्या, फी बुडवणारे सांभाळायची मला सवय हाय. फी भरायला पळणारे पहिल्यांदा बघायलोय. पोरगी पाचवीत हाय अन् सातवीपर्यंतची फी जमा हाय. सहावीची तर दोघांचीबी हाय!"

मी विचारलं, "अन् मधी नापास झाली तर?"

"मग आमालाच नापास व्हावं लागंल."

मोठ्या बाईंनी मग दोघांना वेगवेगळं बोलावून पुढच्या वर्गांचे सगळे पैसे परत दिले अन् सांगितलं, इथून पुढं एका वर्षाची फी त्याच वर्षी. त्याआधी कोणी खिडकीवर आलं तर वॉचमन बाहेर काढील.

ह्या सगळ्यात गौरीचं काय चाललं होतं ते मला माहीत होतं, कारण ती दर शनिवारी संध्याकाळी आमच्याच बाकावर असायची. सिस्टर ड्यूटीवर जाताना तिला सोडायच्या, थोड्या वेळानं सर येऊन घेऊन जायचे. दोघांची गाठ पडू नये म्हणून मध्ये मी. अशी भिंत मी आयुष्यात पहिल्यांदाच झालो. भिंतीला कान असतात म्हणतात, मला तोंड पण होतं.

गौरी एकदा दप्तर मांडीवर घेऊन म्हणली, "तात्या, आमच्या वर्गात मॅडम म्हणतात, ज्याची फी आली न्हाई त्यानं उभं राहा. मला म्हणतात, तुझी जास्त आली, तू बी उभी राहा."

*

एका शनिवारी गौरी बसलेली असतानाच एका पतसंस्थेतले हिशेबनीस आले. साधा माणूस, काखेत फाईल. आतल्या खोलीचं दार उघडंच होतं. त्यांनी साहेबांना विचारलं, घरात सांभाळतो त्या म्हातारीच्या दवाखान्याच्या विम्याचा हप्ता भरलाय, तो वजा होईल का?

साहेब म्हणाले, आई असली तर होईल.

"आई न्हाई. सासू हाय."

सासूचा होत नाही, साहेब म्हणाले.

"तशी सासू बी न्हाई आता. काडीमोड होऊन लय दिवस झाले. बायको माहेरी गेली अन् सासू माझ्याकडंच राहिली."

साहेबांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात म्हणजे त्यांना प्रश्न आवडलाय. विचारलं, असं कसं? हिशेबनीस म्हणाले, मी पण त्यांना हेच विचारलं. तर म्हणल्या, भांडण तुमचं हाय, माझी खोली हीच. इथं तुळस लावलीय मी.

साहेब म्हणाले, कायद्यात सासू बसत नाही, तर माजी सासू कुठून बसणार.

"मग साहेब, तेवढं तुमीच घरी येऊन त्यांना सांगता का? मी सांगायला गेलो तर जेवायला वाढत न्हाईत."

साहेब गेले नाहीत. साहेबांना स्वतःची सासू आहे.

गौरी हे सगळं ऐकत होती. हिशेबनीस जिना उतरल्यावर मला म्हणली, "तात्या, म्हंजी काडीमोड दोघांचाच होतो? बाकीच्यांचा न्हाई होत?"

म्हणलं, "बाकीच्यांना कोर्टात बोलवतच न्हाईत."

ती दप्तरावर डोकं टेकून डोळे मिटून बसली. मला वाटलं, झोप आली असावी.

*

पुढच्या वर्षी अधिक महिना नेमका रिटर्नच्या धामधुमीत आला. मी दरवर्षी सरांना सकाळची वेळ द्यायचो अन् सिस्टरांना दुपारची. त्या वर्षी दोघांना एकच वेळ दिली. का दिली? भिंत होऊन कंटाळा आला होता.

दोघं आले. बाकाच्या ह्या टोकाला सर, त्या टोकाला सिस्टर, मध्ये दोन ओल्या छत्र्या अन् त्यांच्यामध्ये गौरी. पाऊस बाहेर होता, पण आत जास्त गार वाटत होतं. साहेबांनी मला डोळ्यांनीच काय ते सुनावलं अन् दोघांना एकदमच आत घेतलं.

"सर, गौरीची फी?"

सर म्हणाले, "माझी न्हाई ह्या वर्षी. मी भरायला गेलोच न्हाई. तिच्या आईनं भरली म्हणून कळलं."

सिस्टरांनी पहिल्यांदा सरांकडं बघितलं. "मी? मला तर कळलं तुमी भरली."

"कोणी सांगितलं?"

"गौरीनं. तुमाला?"

"गौरीनंच."

मग चौघांची तोंडं एकदम बाकाकडं वळली. चौथा मी, दारात. गौरी छत्रीच्या दांड्याशी खेळत होती. वर न बघता म्हणली, "दोघंबी पळून पळून दमायले होते. म्हणलं, एक वरीस बसू द्या."

आता मला सांगा, असं डोकं कोणी शिकवलं असेल? सगळे माझ्याकडं बघायला लागले. आईशप्पथ सांगतो, मी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तर एवढं चांगलं जमलं नसतं.

सिस्टर घाबरल्या. फी भरलीच नाही तर पोरीचा निकाल कसा दिला, पुढच्या वर्गात कशी बसवली? तेवढ्यात जिन्यावर चपलांचा आवाज आला अन् धोतराचा सोगा पिळत किसनराव वर आले. बोरीहून निघताना पाऊस नव्हता, परभणीत गाठला म्हणाले. बाकावर टेकले अन् खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पावती काढून साहेबांपुढं धरली.

"उन्हाळ्याच्या आधीच शाळेतून मला फोन आला. आई उचलंना, बाप उचलंना, फी राहिलीय म्हणले. म्या जाऊन भरून टाकली. गौरी म्हणली, आजोबा, एवढ्यात कुणाला सांगू नका. म्या सांगितलं न्हाई. आता हे बी कुठं वजा होतं का बघा."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, काका, आजोबाला ही वजावट नाही. अन् तुम्हाला मुळात टॅक्सच नाही. "ज्यांना टॅक्स हाय त्यांनी फी भरली न्हाई, अन् ज्यानं फी भरली त्याला टॅक्स न्हाई. एवढ्या वर्षांत असला हिशेब मी पहिल्यांदा बघायलोय."

मी म्हणलं, "एका वर्षी डबल, एका वर्षी निल. सरासरी बरोबर हाय साहेब."

हसलं कोणीच नाही. सर उठून टेबलापाशी गेले. हळूच विचारलं, "मग साहेब, ती ओळ?"

साहेबांना समजलं. मलाही समजलं. साहेब म्हणाले, "सर, जी भरली न्हाई ती लिहिता येत न्हाई."

सर बरं म्हणाले. फक्त बरं. अन् छत्री उचलली. ती त्यांची नव्हती, सिस्टरांची होती, तेही त्यांना कळलं नाही.

तेव्हा किसनराव बाकावरून बोलले. "पाव्हणं, थांबा. फीचं तर झालं, पण मी फीसाठी आलोच न्हाई. अधिक महिना हाय. रविवारी बोरीला धोंडे खायला या."

आमच्याकडं अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायची रीत आहे. पुरण भरून उकडलेले उंडे, वर तूप. जावई त्या दिवशी देव. तीन वर्षांतून एकदा येणारा मान. पण तो जावयाचा.

सर दाराशी थांबले. "मामा, कशाच्या नात्यानं? कागद झालाय ना आपला."

"तुमचा झालाय. माझी कुठं सही हाय त्याच्यावर?"

"पण मामा…"

"फी भरताना खिडकीवरच्या बाईनं मला विचारलं, पोरीच्या बापाचं नाव काय. म्या तुमचंच सांगितलं. तिनं लिवून घेतलं. आता माझ्या नातीचा बाप माझा जावई न्हाई, तर मग हाय तरी कोण?"

सरांनी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, हे माझ्या कायद्यात येत नाही. मी सिस्टरांकडं बघितलं. त्या म्हणल्या, "बाबा, तुमची बस चुकंल." अन् सरांच्या हातातली छत्री काढून घेतली, त्यांची त्यांना दिली अन् जिना उतरून गेल्या.

ते हो होतं का नाही, ते त्या दिवशी कोणालाच कळलं नाही.

*

रविवारी मीही बोरीला. किसनरावांनी मला आवर्जून बोलावलं होतं. सरांसोबत मला धाडलं असं म्हणा, म्हणजे सर मधेच उतरून परत फिरू नयेत. सरांनी नवा शर्ट घातला होता, घडीच्या रेघा तशाच. एसटीत खिडकीपाशी बसले, शनिवारपासून त्यांच्याकडं असलेली गौरी पुढच्या सीटवर डोळे मिटून टेकली, अन् जिंतूर रस्ता लागल्यावर सर मला म्हणाले, "तात्या, मला शुगर निघालीय. सोमवारी पालमला तपासली. घरी माझ्या आईलाबी सांगितलं न्हाई. तुमालाच सांगायलोय, कुठं बोलू नका."

माझ्या पोटात कधी काही राहत नाही, हे सगळ्या परभणीला माहीत आहे. पण ही गोष्ट राहिली. बोरी येईपर्यंत तरी नक्कीच राहिली, कारण सांगायला एसटीत ओळखीचं दुसरं कोणी जागं नव्हतं.

किसनरावांच्या दारात बायका जमल्या होत्या. कोणाला पाणी भरायचं होतं, कोणाला विरजण मागायचं होतं. सगळ्यांना नेमकं त्याच वेळी. शेजारच्या म्हाताऱ्यानं ओट्यावरून विचारलं, "किसन, कोन्ता जावई म्हणायचा ह्यो?"

"माझ्याकडं एकच हाय. दुसरा तुला कुठं दिसला तर सांग."

म्हातारा पिशवीत सुपारी शोधायला लागला.

आत दोन पाट मांडलेले. रीतच तशी, एक जावयाला अन् एक लेकीला. किसनराव परात घेऊन बसले अन् सरांचे पाय धुवायला लागले. सर पाय मागं ओढायचे अन् ते पुढं ओढायचे. "मामा, नको." "गप बसा, पाणी सांडायलंय." अर्धी परात जमिनीवर गेली.

दुसरा पाट मोकळा. सासूबाई ओवाळायचं ताट घेऊन उभ्या. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, सिस्टर आतच होत्या, पण बाहेर आल्या नाहीत. दारातल्या बायका विरजण विसरल्या. सर खाली मान घालून पाटाच्या कडेवरची रांगोळी बघत होते.

तेवढ्यात आईपाशी आत गेलेली गौरी बाहेर आली अन् त्या पाटावर मांडी घालून बसली. "ही जागा मोकळीच हाय ना?" मग पाय पुढं केले. "आजोबा, मला बी धुवा."

सगळं घर हसलं. सासूबाईंनी दोघांना ओवाळलं, बापाला अन् लेकीला. सरांना धोतर-टोपी, गौरीला फ्रॉक अन् मला टॉवेल-टोपी. मला का, हे मी विचारलं नाही. मिळालेल्या टोपीला कारण विचारू नये.

मग पंगत बसली. सासूबाईंनी सरांच्या ताटात धोंडे वाढले ते असे वाढले की ताट दिसेना. वर तुपाची धार. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी वर आढ्याकडं. सर नाही म्हणू शकत नव्हते. जावयानं धोंड्याला नाही म्हणायचं नसतं. त्यांनी हात पुढं केला.

अन् सिस्टर आतून आल्या. एका हातात वरणाचं भांडं. सरांसमोर वाकल्या, तोंडाकडं न बघता त्यांच्या ताटातले धोंडे एकेक उचलून माझ्या ताटात टाकायला लागल्या. एकच ठेवला. त्याच्यावरचं तूपही चमच्यानं बाजूला काढलं.

सासूबाई ओरडल्याच, "अगं, जावयाच्या ताटातलं उचलत असत्यात व्हय?"

"एकच बास त्यांना," सिस्टर म्हणल्या. "सोमवारी शुगर लय आलीय."

पंगतीत कोणाचा घास हलेना. मी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडं बघत होते, अन् मी मानेनं नाही म्हणलं, कारण खरंच मी नव्हतो. गौरी खाली मान घालून जेवत होती.

किसनरावांनी विचारलं, "तुला गं कोणी सांगितलं?"

सिस्टर म्हणल्या, "वरण वाढू का?"

सरांनी ताट पुढं केलं.

माझ्या ताटात आता माझे धोंडे अन् वर जावयाचे. मी समदे खाल्ले. मला शुगर नाही. म्हणजे, तपासलेली नाही.